कानानं पाह्यलेला बॉल

केळापूरच्या अलीकडे मोठा रोड सोडून आत गेलं का आमचं गाव लागते, नाव सांगून फायदा नाई ताई, कोणी ऐकलं नसन. माहं नाव नामदेव, पण गावात नाम्याच म्हणतात, मैदानावर साहेब लोकंबी नाम्याच म्हणतात, एकच साहेब नामदेव म्हणे, अन् त्याइचंच सांगाचं हाये मले, पण ते मंग येईन. पयले बापाचं सांगतो. आज मी जे काम करून राह्यलो ते बापानं शिकवलं, अन् बापानं साऱ्या जनमात त्या खेळाचं नावबी ऐकलं नव्हतं.

बाप गोफणीचा माणूस. तवा आमच्याकडे जवारी होये. आता जिकडे पाहान तिकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अन् सोयाबीन, पण माह्या लहानपणी माणूस वावरात शिरला का दिसे नाई एवढी जवारी, अन् ती हुरड्यावर आली का पाखराइच्या झुंडीच्या झुंडी. बाप वावराच्या मधात मचान बांधे, चार बल्ल्या अन् वर तुऱ्हाट्या, अन् सकायी धुकं असतानाच मले घेऊन चढे. धुक्यात हाताले हात दिसे नाई. मी म्हणो, बाबा, पाखरं दिसत नाई तं हाकलू कोणाले? बाप म्हणे, तू दिसाची वाट पाय, तवरीक ते कणसं खाऊन मोकये होतात, डोये झाक. मी झाको. आता सांग कोठी हाये. अन् काय सांगू तुम्हाले ताई, डोये झाकले का सारं वावर कानात उघडे, डाव्या अंगाले भोरड्यांचा कलकलाट, बांधाकडे पंखाचा फडफडाट, अन् मी बोट दाखवो तिकडे बापाची गोफण फिरे.

गोफण तुमी पाह्यली नसन. दोरीची राह्यते, मधात गोटा ठेवाले विणलेली पट्टी. एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत, डोक्यावरून फिरवाची अन् येळेवर चिमटी सोडाची, गोटा निंगून जाते अन् सुटलेलं टोक हवेत फट्ट वाजते. बाप गोटा कोठी पडला ते पाहेच नाई. फट्ट कोठी वाजलं ते ऐके. डोक्यावर वाजलं तं म्हणे, गेली मेहनत पाण्यात. तोंडाच्या पुढे वाजलं पाह्यजे, म्हणे, पुढे वाजलं का गोटा बराबरच गेला समज. पाखरू त्यानं एकबी मारलं नाई, गोटा त्याइच्या डोक्यावरून जाये अन् झुंड उठे. मंग जवारी गेली, कपाशी आली, कपाशीत पाखरू येत नाई, गोफण खुंटीले लटकली ते लटकली. बापबी गेला, म्हातारा होऊन गेला, चांगलं मरण आलं त्याले.

आमचं वावर दोन-अडीच एकर, त्याच्यात मी अन् बायको दोघंबी राबून वर्षभराचं काम निंगत नाई, म्हून मी कंपनीच्या कॉलनीत गवत कापाले लागलो. कंपनीचं नाव नका लिहू. तिथं साहेब लोकाइसाठी गोल्फचं मैदान केलं होतं. मोठं नाई, साऱ्या जिल्ह्यात दुसरं नसन म्हणून मोठं म्हणाचं, सहा भोकं, सहा झेंडे. भोकाभोवती हिरवं गवत पाह्यजे म्हणतात, ते आमच्या उन्हात जगते कायचं, तं रेती टाकून त्याच्यात जयकं ऑइल कालवलं होतं. काठीनं बॉल मारत मारत भोकात घालाचा, ज्याले कमी फटके लागले तो जिकला, एवढाच खेळ. गवत कापता कापता मी काठ्यांची पिशवी उचलाले लागलो. साहेबाच्या मागं पिशवी घेऊन चालाचं, बॉल कोठी पडला ते ध्यानात ठेवाचं, सापडवून दाखवाचा.

मोघे साहेबाची पिशवी माह्याकडे आली. यवतमाळचेच, बाप-आजा कचेरीत, हे इंजिनियर. भला माणूस, बोलताना कोणाले अरे-तुरे नाई. एक दिवस म्हणे, नामदेव, तू रोज पाहतोस, एकदा मारून बघ. मी म्हणलं, राहू द्या साहेब. नाई नाई म्हणे, मार. मी काठी धरली, फिरवली, अन् शेवटी काय झालं असन? सवयीनं हात सोडला ना! गोफण असती तं गोटा गेला असता. काठी गेली. गरगर फिरत गेली अन् राऊत बाबूच्या स्कूटरचा आरसा घेऊन पडली. राऊत बाबू म्हणजे मैदानाचा सुपरवायझर. साहेब लोकं पोट धरून हासले, राऊत बाबू नाई हासला. त्या दिवसापासून त्याची नजर माह्यावर.

पण मोघे साहेब इचारत बसले, हात काहून सोडला? मी गोफणीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खुंटीवरची गोफण आणून दाखवली, दोन-चार गोटे फेकले. साहेबानं खिशातून वही काढली अन् लिहून घेतलं. हे वहीचं प्रकरण मोठं होतं ताई. काठी फिरवताना ध्यान कायच्यावर ठेवाचं याची यादी होती त्याच्यात. डोकं हलू द्यायचं नाई, डावा हात सरय, उजवं कोपर पोटाजवय, गुडघा जरासा वाकलेला, नजर बॉलवर, वजन या पायावरून त्या पायावर, अन् अजून काय काय. साहेब बॉलपुढे उभे राहे अन् तोंडातल्या तोंडात सारी यादी म्हणे, पुजेले बसल्यासारखं, अन् मंग मारे तं बॉल बाभयीत. इचारे, नामदेव, डोकं हललं का? मी म्हणो, डोकं नाई हललं साहेब, पण तुमी आत लय बोलून राह्यले.

अजून एक. मारायच्या पयले साहेब चिमूटभर गवत तोडे अन् वर उडवे. गवत कोणीकडे जाते पाहाचं, म्हणजे वारा कयते. मंग ते काम मले देल्लं. मले मनात हासू ये. एवढ्याशा बॉलसाठी वाऱ्याची चौकशी! आमच्या घरी वारा पाहाचा तो धान्य उफणताना, बाकी वारा कोणाले इचारून वाह्यते.

आता त्या वर्षाचं सांगतो. त्या वर्षी पाणी झाला, मंग दडी, मंग पाणी, अन् कपाशी अशी चढली का माणसाच्या डोक्याच्या वर गेली. सारे खुश. मंग त्याच्यावर अळी. जो तो फवारणीच्या मांगं, फवारे मारणारे मजूर भेटत नाई. पावसाळ्यात मैदान बंद राहे, म्हून मीबी दुसऱ्याच्या वावरात पंप घेऊन जाओ. नवे बॅटरीचे पंप आलते, बटन दाबलं का घुर्र, हात मारायची गरज नाई, पाण्यासारखी फवारणी होये. तोंडाले दुपट्टा बांधाचा, बस. झाडं डोक्याच्या वर म्हणल्यावर नळी वर धराची, अन् वर धरलेलं खाली येतेच, कोणावर येईन? आमच्यावर.

अन् आमची रीत अशी ताई, तासातून, म्हणजे कपाशीच्या दोन ओयींच्या मधातून, फवारत जाचं, अन् बाजूच्या तासातून फवारतच वापस याचं. रिकामं कोणी वापस येत नाई, तेवढ्यात अजून एक तास होऊन जाते. म्हणजे जाताना वारा पाठीवर, अन् येताना तोंडावर. मालक काई म्हणत नव्हता, आमीच म्हणो, चला उरकून टाकू. धान्य उडवताना वारा पाहणारा मी, मैदानावर गवत उडवणारा मी, अन् औषध उडवताना एक डावबी मान वर करून पाह्यलं नाई.

पोयाच्या दोन-तीन दिवस पयले दुपारी डोयात आग झाली. घाम असन म्हणलं. मंग तोंडाले पाणी सुटलं, पाय लटलट कापाले लागले, वावर फिरलं. बायको, शेवंता तिचं नाव, त्याच शिवारात गवत निंदाले होती, ती सांगते का मी पंप पाठीवर घेऊनच आडवा झालतो अन् पंप चालूच होता. यवतमाळले मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं आमच्यासारखेच सारे, फवारणीचेच, खाटा भरलेल्या. काई जण बडबड करे, काई जण हात झाडे म्हून त्याइचे हात पट्टीनं खाटेले बांधलेले. माह्या बाजूले बाभुळगावकडचा एक होता. तो घडोघडी मले इचारे, दादा, दिवस निंगाला का? मी म्हणो, निंगाला. अन् मले खरं तं मालूम नव्हतं, मलेच सारं पांढरं दिसून राह्यलं होतं, कानावर चहाच्या कपाचा आवाज आला म्हून मी दिवस म्हणो. एक दिवस त्यानं इचारलंच नाई. मी हात लांबवून पाह्यला, खाट रिकामी. घरी गेला का कोठी गेला, मी कोणाले इचारलं नाई ताई. माही हिंमत झाली नाई. अजूनबी कवा कवा वाटते का इचाराले पाह्यजे होतं.

डॉक्टर लोकाइनं मले वाचवलं, त्याइचे उपकार. पण डोये जसे होते तसे आले नाई. डॉक्टर म्हणे, हयूहयू येईन, नाई तं नाईबी येणार, सांगता येत नाई. सारं धुक्यात. माणूस उभा हाये हे दिसे, कोण हाये ते दिसे नाई. रंग तं गेलेच, लाल काय अन् हिरवा काय, सारा काया डाग. घरी आलो अन् ठरवलं का कोणाले सांगाचं नाई. शेवंतालेबी नाई. मी म्हणो, दिसते, बराबर दिसते. तिनं सूप पुढे ठेवलं, म्हणे, तुरीच्या डायीतले खडे निवडून द्या. मी तासभर निवडत बसलो. जेवताना तिच्या दाताखाली कचकन खडा आला. ती चावता चावता थांबली, खडा काढून माह्या तळहातावर ठेवला, अन् म्हणे, अवो, हे सोंग किती दिवस पुरन?

दिवाळीनंतर मैदान उघडलं. अन् त्याच दिवशी राऊत बाबूनं साऱ्या पिशवीवाल्याइले उभं करून सांगितलं, नऊ जण लय होतात, नव्या वर्षाच्या मॅचनंतर चौघंच ठेवाचे, पण ते कायम. ज्याचं काम चांगलं, ज्याची नजर चांगली, तो राहीन. नजर म्हणताना तो माह्याकडे पाहून राह्यला होता का नाई मले काय दिसते. फवारणी आता जनमात करता येत नाई, डॉक्टरानं सांगितलं होतं, पुन्हा अंगात गेलं तं वाचत नाई. दुसऱ्याच्या वावरात धुऱ्या-बांधावरून चालताना मी पडत होतो. मैदान गेलं तं काय, दिवसभर दारात बसून शेवंताच्या कमाईचं खाचं? ती म्हणे, मोघे साहेबाले सांगा, भला माणूस हाये. मी म्हणलं, साहेबाले सांगितलं का राऊताले कयते, अन् राऊताले कयलं का नाव गेलं.

मंग मी बापाचं काढलं. डोये झाकाचे. काठ्यांच्या बुडाशी आकडे कोरलेले राह्यतात, ते बोटानं वाचाचे. साहेब मारे तवा मी मागं उभा राहून डोये झाको अन् ऐको. बॉलले काठी नीट लागली तं टक्, पयले मातीले लागली तं थप्प, काठीच्या टोकाले लागली तं टिंग. अन् टिंग वाजलं का बॉल उजवीकडे, हे कानाले लवकरच कयलं. मंग पडल्याचा आवाज, गवतात अलग, रेतीत अलग, बाभयीत तं पानं सांगतात. पाऊल मोजत जाओ, पायानं चाचपडो, अन् बॉल सापडे. साहेब म्हणे, नामदेव, दवाखान्यातून आल्यावर तुझी नजर अजून तेज झाली! रोज घरून निंगताना वाटे आज पकडला जाईन, अन् रोज वापस येताना वाटे उद्या पकडला जाईन.

एक दिवस राऊत बाबू मागून आला. नाम्या, म्हणे, त्या तिसऱ्या झेंड्यावर काय बसलं रे? मले झेंडाच दिसत नव्हता. मी कान देल्ला. वारा होता, कापड फडफडून राह्यलं होतं, बाकी काई नाई. कापड फडफडते त्याच्यावर पाखरू बसत नाई, एवढं मचानावर शिकलो होतो. मी म्हणलं, काई नाई बसलं बाबू. त्यानं झेंड्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, हाव, काई नाई बसलं. तो गेल्यावर माह्या अंगातलं बनेन घामानं ओलं, थंडीच्या दिवसात.

तवाच मोघे साहेबाची काठी माह्या कानाले खटकली. रोज डोये झाकून ऐकल्यावर कयलं का बॉल लागाच्या पयले काठी हवेतून येतानाच आवाज करते, सुईं असा, अन् साहेबाचा सुईं मागं, उजव्या खांद्यावरच वाजते. बॉलपाशी येईपर्यंत काठीत दम राहत नाई. हे तं बापाचंच फट्ट! मी म्हणलं, साहेब, वही खिशात ठेवा अन् काठी उलटी धरा, बारीक बाजू खाली. आता बॉल न ठेवता फिरवा. कोठी वाजलं? साहेब म्हणे, इथे, खांद्यापाशी. मी म्हणलं, ते बॉलच्या पुढे वाजलं पाह्यजे. डोकं, कोपर, गुडघा, सारं इसरा. आवाज पुढे ढकला. आठ दिवस साहेब नुसती उलटी काठी फिरवत राह्यले, बाकीचे साहेब हासले. नवव्या दिवशी बॉल ठेवला अन् टक्. असा टक् त्या मैदानावर मी ऐकला नव्हता. बॉल कवा पडते याची वाट पाहून पाहून मलेच श्वास सोडावा लागला. वही त्याइनं मंग उघडलेली मले आठवत नाई.

मॅचले दुसऱ्या कॉलनीचे साहेब आलते. सारं ठीक होतं, पण सकायी एक गोष्ट झाली. रोज ज्याचा त्याचा बॉल अलग राहे, कोणाचा जुना, कोणाचा खरबरीत, मी हातात घेतला का ओयखो. त्या दिवशी कंपनीनं साऱ्याइले सारखेच नवे बॉल देल्ले. फरक एवढाच का साहेबाच्या बॉलवर पेनानं हिरवा ठिपका अन् समोरच्याच्या बॉलवर लाल. अन् नियम असा का दुसऱ्याचा बॉल मारला तं दोन फटके वाढतात. मी दोन्ही बॉल हातात घेऊन पाह्यले. सारखेच. शेवंतानं निंगताना म्हणलं होतं, आज तरी सांगून द्या. मी म्हणलं होतं, आजचा दिवस जाऊ दे.

पाच झेंड्यापर्यंत दोघंबी बराबर होते. मोघे साहेब असे खेयून राह्यले होते का राऊत बाबूसुद्धा वा वा करे. शेवटच्या झेंड्याले साहेबानं मारला, टक्, अन् धप्प, नाल्याच्या काठच्या गवतात. पाऊलं मोजून मी जागा धरून ठेवली. मंग समोरच्यानं मारला. धप्प, तिथंच, अन् लगेच टक्, म्हणजे गोट्याले लागून बॉल सरकला. पण कोणीकडे सरकला, ते कान सांगेना. मी गेलो, पायानं चाचपलं, दोन्ही बॉल सापडले, एकमेकापासून हातभर. वाकून पाह्यलं. यावर काया ठिपका, त्याच्यावर काया ठिपका. मागून पाऊलं येऊन राह्यली, साहेब, समोरचे साहेब, राऊत बाबू, बाकीची लोकं. साहेब म्हणे, नामदेव, आपला कोणता?

ताई, तेवढ्यात सांगता आलं असतं. तोंडात शब्द आलता. पण चार नावं मले दिसत होती, कायम झालेली चार, बाकी काई दिसत नव्हतं, ते मात्र साफ दिसत होतं. मी बोट दाखवलं, हा.

साहेबानं वाकून पाह्यलं नाई. कायले पाहीन, दोन महिने माह्या बोटावर खेयून राह्यले होते. मारला. सुंदर मारला. सारे झेंड्यापाशी गेले, अन् समोरच्या साहेबानं बॉल उचलला अन् म्हणे, अहो मोघे, हा तर माझा. लाल ठिपका.

मंग राऊत बाबू धावत आला, कोणी दाखवला, म्हणे, नाम्यानं दाखवला ना? मोघे साहेब म्हणे, राऊत, बॉल पाहायची जबाबदारी खेळणाऱ्याची असते. मी पाहिला नाही. चूक माझी. अन् वहीत, फटके लिहाची वही असते त्याच्यात, स्वतःच्या हातानं दोन वाढवले. दोन फटक्यानंच हारले. साहेब जनमात कवा काई जिकले नव्हते, हे मले मालूम होतं, त्याइनंच एकदा हासत सांगितलं होतं.

मी चूप राह्यलो असतो तं वाचलो होतो. साहेबानं सारं स्वतःवर घेतलं होतं. अन् एकाएकी मले त्या बाभुळगाववाल्याचा आवाज आठवला, दादा, दिवस निंगाला का, अन् मी न पाहताच निंगाला म्हणो ते आठवलं. मी पिशवी खाली ठेवली. म्हणलं, साहेब, चूक माही हाये. मले हिरवा-लाल दिसत नाई. पोयापासून दिसत नाई. झेंडा दिसत नाई, तुमचं तोंड दिसत नाई. आजवर सारं कानानं चालवलं. अन् मले रडू आलं ताई, साऱ्या साहेब लोकाइपुढे, लहान पोरासारखं.

राऊत बाबूनं नाव कापलं. त्याले दोष नाई देत, बॉल न दिसणारा माणूस पिशवीले कोण ठेवीन? मोघे साहेबानं माह्या पाठीवर हात ठेवला अन् गेले. तो हात रागाचा होता का दयेचा, मी लय दिवस इचार करत होतो.

मंग दोन महिने घरी. शेवंतासंग कापूस येचाले जाओ. पांढरं पांढरं दिसे तेवढं चाचपून येचो. त्या वर्षी बोंडात अळी होती, हात लावला का कये, चांगला कापूस बोटात फुलते अन् किडकी कवडी कडक लागते, निम्म्याहून जास्त कवडीच. बाया हासत, नाम्याभाऊ आता आमच्या पंगतीत. मी बी हासो. घरी आलो का दारात बसो अन् रोडवरच्या ट्रका ऐको, भरलेली कोणती, रिकामी कोणती.

होयीच्या सुमारास दारात गाडी थांबली. चालण्यावरून ओयखलं, मोघे साहेब. हातात काठी. शेवंता खाट टाकाले धावली, चहाचं पाहाले धावली. साहेब बसलेच नाई. म्हणे, नामदेव, आवाज परत मागे गेलाय. मी म्हणलं, साहेब, मले माफ करा, माह्यामुयं तुमी हारले. ते म्हणे, ते राहू दे, आधी हे ऐक. अन् आमच्या अंगणातच काठी उलटी धरून फिरवली, कोंबड्या केकाटत पयाल्या. सुईं. मी डोये झाकले. म्हणलं, खांद्यावर वाजलं साहेब. पुन्हा. म्हणलं, अजून मागंच हाये, तुमी पुन्हा आत बोलून राह्यले. पुन्हा, पुन्हा. धापा टाकाले लागले. मंग एक डाव पुढे वाजलं, अन् मी म्हणाच्या आधी चुलीपासून शेवंता म्हणे, हे बराबर झालं! साहेब एवढे हासले. म्हणे, चल, माझ्या मागे उभा राहायला. दया करायला आलो नाही, मला गरज आहे.

आता आठवड्यातून पाच दिवस जातो. कायमचं काई नाई, साहेब लोकं मिळून देतात. मैदानाच्या कडेले प्रॅक्टिसची जागा केली, टिनाचं शेड टाकलं, पावसाळ्यातबी चालते. साहेब, त्याइच्या मॅडम, त्याइचे लेकरं, एकेक जण येते अन् मी मागं खुर्चीवर बसून ऐकतो. सारे वही आणतात, मोबाईल आणतात, इचारतात ध्यान कायच्यावर ठेवू. मी म्हणतो, एकावरच ठेवा, आवाजावर. मोघे साहेब रिटायर होऊन यवतमाळले गेले, पण महिन्यातून एक डाव येतात, नामदेव म्हणून हाका मारतात. राऊत बाबू अजून कुरकुरते, आंध्याले काय खुर्ची, म्हणते, अन् कोणी नसलं का हयूच येऊन म्हणते, माही काठी ऐक जरा. एक डोया जरासा आला. शेवंता दारात उभी असली का तिचं लुगडं दिसते, तोंड नाई दिसत. तिचं तोंड पाठ हाये मले, त्याचं काई नाई.

परवाची गोष्ट सांगतो, मंग तुमी जा, तुमची गाडी निंगून जाईन. शेडच्या मागं तारेचं कुंपण हाये, अन् कुंपणाले लागून कोणाचं तरी कपाशीचं वावर. एक नवा साहेब काठी फिरवून राह्यला होता, अन् मले तिकडून घुर्र ऐकू आलं. बॅटरीचा पंप. आवाज दूर गेला, बांधाले टेकला, अन् फिरला, अन् चालूच वापस येऊन राह्यला. माह्या गालावर वारा लागत होता, त्याच्याच तोंडावर जाणारा. मी खुर्चीवरून उठलो. राऊत बाबू म्हणे, नाम्या, साहेब उभे हायेत, कोठी चालला? मी थांबलो नाई. चाचपडत कुंपणाशी गेलो, खाली वाकून मूठभर गवत तोडलं अन् वर उडवलं, अन् ओरडलो, दादा, गवत पाय! वारा कोणीकडे चालला पाय! पंप बंद कर, रिकामा वापस ये, मंग इकडून सुरू कर! दादा, आयकून राह्यला का?

तो कोण होता, किती वर्षाचा, तोंडाले काई बांधलं होतं का नाई, मले काई दिसलं नाई. पंप जरा येळ घुर्र करत राह्यला. मंग बंद झाला. मी तारेले धरून उभा राह्यलो, मागून राऊत बाबूच्या हाका येऊन राह्यल्या. पऱ्हाटीतून पाऊलं वाजत आली, पार अलीकडच्या बांधापर्यंत, अन् तिथून पंप पुन्हा सुरू झाला. मंग मी खुर्चीवर येऊन बसलो अन् साहेबाले म्हणलं, हं, फिरवा आता.